खोलीत नसलेल्यांची सुनावणी

अमेरिकेतल्या छोट्या गावाचा नियोजन आणि झोनिंग आयोग म्हणजे पाच, सात किंवा नऊ माणसं. त्यात कुणी निवृत्त शिक्षिका असते, कुणी विम्याची कामं करणारा, कुणी शेतकरी. नेमणूक महापौर किंवा नगर परिषद करते. बहुतेक ठिकाणी मानधन नसतं. दिवसभराचा आपला कामधंदा आटोपून ही माणसं महिन्यातून एक-दोनदा संध्याकाळी नगरभवनात जमतात. कोपऱ्यावर पेट्रोल पंप येईल का, गावाबाहेरच्या शेताचे प्लॉट पडतील का, एका घराच्या जागी चार घरांची इमारत उठेल का, या प्रश्नांवर त्यांना मत द्यायचं असतं. राजधानीतल्या कुठल्याही वादापेक्षा इथलं एक मत शेजाऱ्याच्या खिडकीतल्या उजेडावर आणि अर्जदाराच्या आयुष्यभराच्या बचतीवर लवकर परिणाम करतं.

कामाची रीत ठरलेली आहे. विषयपत्रिका आधी फलकावर लागते. नगररचना कर्मचारी प्रत्येक अर्जावर टिपण देतात, अर्जदार आपलं म्हणणं मांडतो, मग लोकांची पाळी येते. प्रत्येकाला साधारण तीन मिनिटं मिळतात. सुनावणी संपली की सदस्य तिथेच, सगळ्यांच्या देखत, आपसात चर्चा करतात. कुणी ठराव मांडतं, कुणी अनुमोदन देतं आणि एकेकाचं नाव घेऊन मत विचारलं जातं. ज्या सदस्याचा त्या जमिनीत पैसा गुंतलेला आहे, त्याने त्या विषयापुरतं बाजूला व्हायचं. पुष्कळ राज्यांत आयोग फक्त शिफारस करतो आणि अंतिम निर्णय नगर परिषद घेते. कनेक्टिकटसारख्या राज्यात मात्र झोन बदलण्याचा अधिकार थेट आयोगाकडेच असू शकतो. नियमातून एखाद्याला सूट हवी असेल, तर त्यासाठी बहुधा वेगळं अपील मंडळ असतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती निर्णयामागची कारणं लिहिण्याची सक्ती. ती टिगार्डच्या खटल्यात स्पष्ट दिसते. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या या गावात फ्लोरेन्स डोलन यांचं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान होतं. ते ९,७०० चौरस फुटांवरून १७,६०० चौरस फुटांपर्यंत वाढवायचं होतं. आयोगाने परवानगी दिली, पण अट घातली : ओढ्याकाठची पूररेषेतली जमीन आणि तिला लागून सायकल व पायवाटेसाठी पंधरा फुटांची पट्टी गावाला द्यायची. दोन्ही मिळून मालमत्तेचा सुमारे दहावा भाग जाणार होता. नव्या दुकानामुळे वाहनांच्या रोज ४३५ फेऱ्या वाढतील, असा गावाचा अंदाज होता. सायकलवाटेमुळे त्यातला काही भार हलका होऊ शकेल, एवढंच गावाने नोंदवलं होतं. किती हलका होईल, याचा हिशेब कुठेही नव्हता. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की, मागितलेली जमीन आणि होणारा उपद्रव यांचं प्रमाण ढोबळमानाने तरी जुळतं, हे गावाने दाखवून द्यायला हवं. सायकलवाट चांगली असते, हे मला मान्यच आहे. पण चांगल्या गोष्टीसाठीही दुसऱ्याची जमीन मागताना हिशेब मांडावा लागतो, आणि तो कागदावर असेल तरच दुकानदाराला त्याला आव्हान देता येतं.

गावाला मुळात जमिनीच्या वापरावर नियम घालण्याचा अधिकार मिळाला तोही एका छोट्या गावाच्या खटल्यातून. क्लीव्हलंडला लागून असलेल्या युक्लिड गावाने १९२२ मध्ये स्वतःच्या हद्दीचे विभाग पाडले. तिथे ॲम्बलर रिअल्टी कंपनीची ६८ एकर जमीन होती. कंपनीचं म्हणणं असं की, कारखान्यांसाठी एकरी दहा हजार डॉलर मिळाले असते, तीच जमीन घरांपुरती ठेवली तर अडीच हजारांवर येते. खालच्या न्यायालयात न्यायाधीश वेस्टनहेवर यांनी १९२४ मध्ये नियम रद्द केला. अशा नियमांचा परिणाम अखेर लोकांची उत्पन्नानुसार विभागणी करण्यात होतो, असं त्यांनी निकालात लिहून ठेवलं. दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि झोनिंगला देशभर मान्यता मिळाली. न्यायमूर्ती सदरलंड यांनी त्या निकालात घरांच्या वस्तीतल्या भाड्याच्या इमारतीला बांडगुळाच्या पंक्तीला बसवलं. कारखान्याचा धूर शयनगृहात येऊ नये, ही काळजी रास्त होती. पण भाडेकरूही त्याच धुराच्या यादीत गेला, आणि तिथे तो फार काळ राहिला.

वेस्टनहेवर यांनी ओळखलेली गोष्ट न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेलमध्ये उघडी पडली. तिथे काही कृष्णवर्णीय कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत होती, काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांत फेरबदल करून केलेल्या घरांत. त्यांनी ३६ परवडणाऱ्या सदनिकांची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. गावाच्या नियमांना मोठ्या प्लॉटवरची सुटी घरंच मंजूर होती. एथेल लॉरेन्स या तिथल्याच रहिवासी वादी म्हणून उभ्या राहिल्या. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अशा वाढत्या गावाने आपल्या भागातल्या गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांच्या घरांची गरजही आपल्या वाट्यापुरती उचललीच पाहिजे. लॉरेन्स यांच्या नावाची वसाहत प्रत्यक्षात उभी राहिली २००० साली. त्याआधीच त्या गेल्या होत्या. गुन्हे वाढतील, घरांच्या किमती पडतील, कर चढतील, असं सुनावण्यांत सांगितलं गेलं होतं. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि सहकाऱ्यांनी या वसाहतीचा अभ्यास करून २०१३ मध्ये पुस्तक लिहिलं. तसं काही घडल्याचं त्यांना आढळलं नाही.

म्हणजे इतकी खुली सुनावणी असूनही निर्णय चुकला. याचं उत्तर आयोगाच्या माणसांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा खोलीत कोण येतं, हे बघावं. बॉस्टन विद्यापीठाच्या तीन अभ्यासकांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ९७ गावा-शहरांतल्या अशा बैठकांची इतिवृत्तं वाचली. त्यावरचं त्यांचं ‘नेबरहूड डिफेंडर्स’ हे पुस्तक २०१९ मध्ये आलं. बोलायला येणारे लोक वयाने मोठे, जुने रहिवासी आणि घरमालक असण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि नव्या घरांना त्यांच्यातल्या बहुसंख्यांचा विरोध होता. कायदाही त्यांनाच बोलावतो. टेक्सासमध्ये झोन बदलायचा असेल तर २०० फुटांच्या आतल्या मालकांना सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी लेखी सूचना जाते. भाडेकरूला ती जात नाही. आणि मंजुरीनंतर उभ्या राहणाऱ्या इमारतीत दोन वर्षांनी जे कुटुंब राहायला येईल, ते तर आज कुठल्या गावात आहे हे कुणालाच माहीत नसतं.

शेजाऱ्यांचा विरोध मी खोटा मानत नाही. पाणी तुंबतं कुठे, शाळा सुटल्यावर कुठल्या वळणावर मुलं अडकतात, हे त्यांनाच ठाऊक असतं, आणि तीन मिनिटांत सांगितलेली अशी एक गोष्ट सल्लागाराच्या जाड अहवालापेक्षा उपयोगी पडते. पण ती माहिती म्हणून घ्यावी, मतांची मोजणी म्हणून नव्हे. गर्दीचा कौलच घ्यायचा असेल तर आयोग कशाला हवा? न आलेल्या माणसाची बाजू घ्यायला आयोगाकडे एकच साधन असतं : शांतपणे, आधीच तयार केलेला सर्वंकष आराखडा. पुढच्या वीस वर्षांत गावाला किती घरं लागतील, हे त्यात लिहिलेलं असेल, तर टाळ्या आणि आरडाओरड्यात सदस्याला तिथे बोट ठेवता येतं. न्यू जर्सीत पुष्कळ मराठी कुटुंबं राहतात. अमेरिकेतल्या हिंदू मंदिरांनी वाहनतळ आणि वर्दळीच्या प्रश्नांवर अशाच सुनावण्यांतून वाट काढलेली आहे. मंदिराच्या अर्जाला पाठबळ द्यायला जी मंडळी जातात, त्यांनी शेजारच्या स्वस्त घरांच्या अर्जालाही जावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडची नगररचना या साऱ्यापेक्षा तरुण नाही. मुंबईचा नगररचना कायदा १९१५ चा, युक्लिडच्या निकालाआधी अकरा वर्षांचा. आज १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागवल्या जातात आणि कलम २८ ची नियोजन समिती सुनावणी घेते. समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार जाणकार असतात. कागदावर ही रचना अमेरिकी आयोगाच्या जवळची आहे. पण तालुक्याच्या गावात बहुतेकांना हा विकास आराखडा (डीपी) कळतो तो आपल्या सातबाऱ्यावर आरक्षण पडल्यावर, आणि हरकत घेणारा स्वतःच्या प्लॉटपुरतंच बोलून निघून जातो. पुढे आराखडा राज्य शासनाच्या मंजुरीला वर जातो. ७४ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीतला पहिला विषय नगररचना आहे, तरी शेवटची सही मंत्रालयातच होते.

ती सही गावात यावी की नाही, यावर वाद होऊ शकतो, कारण गावातले जमिनीचे हितसंबंध कमी बळकट नसतात. पण समितीच्या बैठकीत गावकऱ्यांना बसू द्यावं, हितसंबंध असलेल्या सदस्याने उठून बाहेर जावं, प्रत्येक हरकतीपुढे ती का मानली किंवा का फेटाळली याच्या चार ओळी लिहाव्यात आणि ते कागद नगरपरिषदेच्या फलकावर लावावेत, यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट बघत थांबायला नको. क्रीडांगणाचं आरक्षण उठवताना त्या चार ओळी लिहाव्या लागल्या, तर तिथे खेळणाऱ्या आणि हरकतीचा अर्ज कधीच न करणाऱ्या मुलांचाही विचार कुणाला तरी नावानिशी नोंदवावा लागेल.