हसणाऱ्याचा वाटा

इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना कागदांच्या गठ्ठ्यात एक रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र असतं. मुलगा सही करतो, पालक सही करतात, वाचत सहसा कुणी नाही. वाचलंत तर एका जागी थांबाल. ‘मी रॅगिंग करणार नाही’ एवढ्यावर ते संपत नाही. काही करून किंवा काही न करून मी त्यात सहभागी होणार नाही, त्याला साथ देणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे.

‘न करून’. म्हणजे नुसतं बघत उभं राहणं हीसुद्धा चूक असू शकते?

आपल्याकडे नियमांची कमतरता नाही. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या राघवन समितीने २००७ मध्ये अहवाल दिला. तरीही मार्च २००९ मध्ये हिमाचलमधल्या टांडा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाचा एक मुलगा सीनियर्सच्या मारहाणीनंतर दगावला. त्याच वर्षी यूजीसीचे कडक नियम आले, हे प्रतिज्ञापत्रही त्याच नियमांतलं. पण होस्टेलवर राहिलेल्यांना ठाऊक आहे की कुठल्या खोलीत ‘इंट्रो’ चाललाय हे अख्ख्या मजल्याला कळत असतं. करणारे चार-पाच असतात, माहीत असणारे पन्नास.

‘अरे, थोडी मस्करी तर चालतेच’ असं कुणीतरी म्हणतंच. मस्करी आणि छळ यांतला फरक नॉर्वेत आयुष्यभर या विषयावर काम केलेल्या दान ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने तीन खुणांनी सांगितला: हेतू दुखावण्याचा असतो, प्रकार पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो. मित्र मित्राला चिडवतो तेव्हा समोरचाही उलट चिडवू शकतो. छळात ती सोय नसते.

मला अडकवते ती तिसरी खूण. अठरा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांचा मुलगा यांच्यात असा काय फरक असतो? अंगकाठी सारखीच, अक्कलही सारखीच. मग ताकद येते कुठून? ती येते मागे उभ्या असलेल्यांकडून. कुणी मध्ये बोलणार नाही, उलट दोघं-तिघं हसतील, याची खात्री हीच त्या सीनियरची ताकद. ती काढून घेतली तर खोलीत उरतात फक्त दोन मुलं. म्हणून बघणारा घटनेच्या बाहेर नसतोच. ज्या फरकामुळे चेष्टेचा छळ होतो, तो फरकच त्याचा बनलेला असतो.

कॅनडात शाळांच्या मैदानांवरच्या प्रसंगांचं चित्रण करून केलेला एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. छळाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती. मध्ये पडणारी थोडीच होती, पण ती पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद म्हणजे किती हे मी होस्टेलच्या मेसमध्ये पाहिलंय. एका नव्या मुलाच्या बोलण्याची नक्कल चालली होती, टेबल खदखदत होतं. थर्ड इयरचा एक जण ताटावरून मान वर न करता म्हणाला, “जेवू दे रे त्याला.” बस. भाषण नाही, भांडण नाही. हसू तिथेच विरलं आणि नक्कल करणाराही पोळी मोडू लागला.

पण तो थर्ड इयरचा होता, हे विसरून चालणार नाही. फर्स्ट इयरच्या मुलाने तेच वाक्य म्हटलं असतं तर कदाचित पुढचा नंबर त्याचा लागला असता. भीती खोटी नसते. त्यामुळे प्रत्येकाने छाती काढून पुढे यावं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्याच्या शब्दाला वजन जास्त, त्याची जबाबदारी जास्त, एवढं मात्र म्हणता येतं. आणि ज्याच्याकडे काहीच वजन नाही, त्याच्याकडेही एक गोष्ट उरते. त्याला हसायची सक्ती नसते.

आता मेसच्या टेबलाची जागा ग्रुपने घेतली आहे. कुणाचा तरी फोटो येतो, खाली हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागते. प्रत्येकाला वाटतं, मी तर एक इमोजी टाकला. पण ज्याचा फोटो आहे त्याला तो एक दिसत नाही, चाळीस दिसतात. इथे न हसायला काहीही लागत नाही, फॉरवर्ड न करायलाही नाही. आणि त्या मुलाला वेगळा मेसेज करून ‘जेवलास का?’ विचारणं तर सर्वांच्या नजरेआड होतं.

प्रकार हाताबाहेरचा असेल तर यूजीसीची रॅगिंगविरोधी हेल्पलाइन आहे: १८००-१८०-५५२२. नंबर सेव्ह करून ठेवा. तो लावण्यासाठी छळ तुमचाच होत असला पाहिजे, असं नाही.