मैत्रिणीच्या मरणाचा दोष भुताला

'ओइजा' (२०१४) या अमेरिकन चित्रपटात डेबी नावाची मुलगी एका रात्री आपल्या घरात जीव देते. तिची बालमैत्रीण लेन हिला ते पटतच नाही. ती मित्रमंडळींना गोळा करते, डेबीच्याच घरात अक्षरांच्या पाटाभोवती बसवते आणि सरकत्या पट्टीवर बोटे टेकवून विचारते, तू आहेस का? इथपर्यंत चित्रपट खरा आहे. निरोप न घेता गेलेल्या माणसाला सोळा-सतराव्या वर्षी कोणीही असेच हाकारेल.

पुढे दिग्दर्शक स्टाइल्स व्हाइट जे उत्तर देतात ते मला निर्दय वाटते. डेबीने स्वतः काही केलेच नव्हते, त्या घरातल्या जुन्या दुष्ट आत्म्याने तिचा बळी घेतला! आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांना एकच प्रश्न छळतो: आपल्याला कळले कसे नाही? चित्रपट तो प्रश्नच काढून घेतो. मैत्रीण सुटते, आईवडील सुटतात. डेबीच्या मनात काय चालले होते हे विचारण्याचीही कुणाला गरज उरत नाही. मग उरतात फक्त दचकवणारे प्रसंग.

खरे तर हा पाटच शोकातून जन्मलेला आहे. १८४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात फॉक्स भगिनींनी मृतांकडून टकटकीने उत्तरे मिळवल्याचा दावा केला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात लाखो तरुण गेले, आणि कित्येक घरे मेलेल्या मुलाचा एखादा शब्द ऐकायला आसुसली. १८८८ मध्ये मॅगी फॉक्सने ती टकटक पायाच्या बोटांच्या सांध्यांची होती, असे भर सभेत कबूल केले. पण ऐकण्याची ओढ त्याने कशी संपावी? दोनच वर्षांनी बाल्टिमोरमध्ये ओइजा पाट विकायला आला आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंटही मिळाले.

पट्टी कशाने सरकते याचा उलगडा त्याच्या कितीतरी आधी झाला होता. १८५३ मध्ये लंडनमध्ये शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने आत्म्यांच्या नावाने टेबलावर हात टेकून ते फिरवणाऱ्यांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. टेबल आपण होऊन फिरत असते, तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा, हाताखालचा. मग त्याने हाताचा दाब दाखवणारा काटा लोकांसमोर ठेवला, तेव्हा टेबल हललेच नाही. यातला कोणीही लबाडी करत नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. हात ढकलत होते आणि हातांच्या मालकांना ते ठाऊक नव्हते. आपल्याकडे वसतिगृहांत उपडी वाटी ठेवून प्लँचेट करणारी मुलेही बहुधा अशीच प्रामाणिक असतात. वाटी जे सांगते ते त्यांच्याच मनातले असते.

यावर किती चांगला भयपट होऊ शकतो, हे ऑस्ट्रेलियाच्या फिलिपू बंधूंनी 'टॉक टू मी'त (२०२२) दाखवले. तिथेही आत्मे आहेत, पाटाऐवजी एक हात आहे. पण नायिका मियाचा घात करते ती तिची इच्छा. आईने स्वतः जीव दिला नव्हता, हे तिला काहीही करून ऐकायचे आहे. जो आत्मा ते बोलतो त्याच्यावर ती विश्वास ठेवते आणि समोर बसलेल्या बापावर ठेवत नाही. इथे शोकाचा भार कुणीही हलका करत नाही, म्हणून हा चित्रपट पाहताना पोटात कालवते.

'ओइजा' मात्र सुमारे ५० लाख डॉलरमध्ये बनला आणि त्याने १० कोटींहून अधिक कमावले. निर्मात्यांत हॅसब्रो होती, म्हणजे हा पाट खेळणे म्हणून विकणारी कंपनीच. त्या पैशाबद्दल माझी तक्रार नाही. मुले भयपट पाहणार, वाट्याही सरकवणार. त्यासाठी त्यांच्यावर ओरडू नका. पण आपल्या मुलाने वर्गातला एखादा मित्र आत्महत्येत गमावला असेल, तर घरात त्याचे नाव टाळू नका. आपणहून विषय काढा आणि मुलाला हवे तितके बोलू द्या.