गॅस संपलाय, साहेब!

माणसाचा माणसावर किती विश्वास असतो हे पाहायचे असेल, तर एप्रिल महिन्यात नगरला यावे (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण तोंडातले नगर काही जात नाही) आणि मोटारीचे एसी दुरुस्त करणाऱ्या एखाद्या गॅरेजसमोर तासभर उभे राहावे. मालक घामाने निथळत गाडीतून उतरतो. मेस्त्री बॉनेट उघडतो, दोन घड्याळे जोडतो आणि निदान सांगतो, "गॅस संपलाय, साहेब." साहेबांचा जीव भांड्यात पडतो. कॉम्प्रेसर गेला नाही ना? मग झाले तर! पेट्रोल संपते, साखर संपते, तसा गॅस संपला. जो डोळ्यांना दिसत नाही आणि नाकाला कळत नाही, अशा पदार्थाचे पैसे साहेब मुकाट्याने मोजून देतात. इतका भाबडा विश्वास आपण सख्ख्या भावावरही टाकत नाही.

आता गंमत अशी, की हा गॅस संपत नसतो. माठाचेच पाहा ना! माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि जाताजाता ती आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मोटारीचा एसी हाही एक माठच. फक्त डॅशबोर्डमागच्या कॉइलमध्ये वाफ होऊन पळू पाहणाऱ्या गॅसला कॉम्प्रेसर पकडून आणतो, दाबतो, रेडिएटरपुढच्या जाळीत त्याची उष्णता बाहेर टाकायला लावतो आणि पुन्हा द्रव करून आत कामाला धाडतो. तोच गॅस वर्षानुवर्षे त्याच फेऱ्या घालतो. रबरी नळ्यांतून काही वर्षांत थोडासा निसटेल. पण दर एप्रिलला 'संपत' असेल, तर कुठेतरी भोक आहे. माठ पाझरला तर पाणी गार, एसी पाझरला तर मालक गरम!

बरे, गाडी थंड होत नाही म्हणजे गॅसच गेला, असेही नाही. वाराच कमी येत असेल तर आतला फिल्टर धुळीने भरलेला असतो. गाडी पळताना थंड आणि रेल्वे फाटकाशी थांबली की गरम, असे असेल तर पुढचा पंखा बंद असतो किंवा जाळी तुंबलेली असते. आमच्याकडे गळीत हंगामात चार महिने उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवली, की त्या जाळीत निम्मे पाचट निघते. पण 'जाळी धुऊन घ्या' या सल्ल्याचे पैसे द्यायला कोणाचा हात खिशात जात नाही. आपल्याला काहीतरी भरलेले लागते.

एकदा मी मेस्त्रीला धीर करून विचारले, "तुम्ही भोक का नाही शोधत?"

"शोधतो की! नायट्रोजन भरायचा, सांध्या-सांध्याला साबणाचा फेस लावायचा. कॉइलच गळत असली, तर डॅशबोर्ड उतरवायचा. गाडी दोन दिवस हितंच. गिऱ्हाईक म्हणतं, उद्या लग्नाला जायचंय, तेवढं भरून दे."

आता यात लबाड कोण? मेस्त्री खोटे बोलतो हे खरे; पण ज्याला खरे नकोच आहे त्याच्याशी बोलतो. आमच्या जिल्ह्याला हा हिशेब पाठ आहे. उन्हाळा आला की विहिरी आटायच्या आणि टँकर यायचा. टँकर म्हणजे काय, दर एप्रिलला भरलेला गॅसच! टँकर अडवणारा शहाणा नव्हे, तहानलेल्याला आधी पाणीच द्यावे लागते. पण हिवरे बाजारच्या लोकांनी १९९० नंतर भोक शोधले. डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, शेतीला बोअर नाही, ऊस नाही असे ठरवले आणि पडलेल्या पावसाचा जमाखर्च ग्रामसभेत मांडू लागले. हा डॅशबोर्ड उतरवण्याचाच प्रकार. दोन दिवस गाडी नाही म्हटल्यावर आपण कासावीस होतो. त्यांनी वर्षे दिली.

हे चिंतन मला आपोआप सुचले असे नव्हे. माझी बारा वर्षांची गाडी विकायची होती आणि तिची कॉइल गळत होती.

मेहुण्यांनी तोडगा काढला, "दाजी, आदल्या दिवशी गॅस मारून घ्या. गाडी बर्फासारखी थंड. तुम्ही कुठं खोटं बोलताय? गाडीच बोलेल!"

युक्तिवाद बिनतोड होता. थंड वारा तर खराच असणार. खरी गोष्ट दाखवून खोटी समजूत करून देणे, याला काय म्हणायचे? अर्ध्या सत्यापायी धर्मराजाचा रथ चार बोटे खाली आला. नगरच्या रस्त्यांवर माझी गाडी आधीच चार बोटे खाली गेलेली, तिला आणखी कुठे जायला जागा? शिवाय एक हिशेब मेहुण्यांनी धरलाच नव्हता. गळालेला गॅस जातो कुठे? ओझोनला भोक पाडणारा जुना गॅस १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही. पण हवा तापवण्यात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी. म्हणजे गळका एसी भरत राहायचे आणि पुढचा एप्रिल आणखी तापवायचा!

गॅस मी भरला. उन्हात गिऱ्हाइकाला भट्टीत बसवणे बरे नव्हे. पाथर्डीकडचा एक तरुण आईला घेऊन आला. आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिससाठी नगरला आणायचे आणि भर दुपारी करंजी घाटातून परत न्यायचे, यासाठी त्याला गाडी हवी होती. आम्ही चांदबिबी महालापर्यंत चक्कर मारली. (महालात चांदबिबी नाहीच. ती सलाबतखानाची कबर. पण हे कोणी कोणाला सांगत नाही आणि महालाचे काही बिघडत नाही.) मागच्या सीटवर म्हातारी डोळे मिटून बसली होती. "गार वाटतंय रं," एवढेच म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली. म्हटले, "ही थंडी तीन आठवड्यांची आहे. कॉइल गळतीय. नवीन बसवायला आठ हजार लागतील, ते किमतीतून कमी करा. पण खरंच बसवून घ्या."

पोरगा हिशेबी निघाला. म्हणाला, "काका, आठ हजार कमी करताय तर मग तीन आठवड्यांनी पुन्हा गॅसच भरू की!"

मागून म्हातारी म्हणाली, "गप ए. काकांनी सांगितलं तसं कर. सारखं सारखं भरून काय होतंय, ते मला इचार."

त्यावर पोरगा काही बोलला नाही. मीही नाही. त्याच संध्याकाळी गाडी मेस्त्रीकडे गेली आणि डॅशबोर्ड उतरला.

मेहुणे तेव्हापासून मला 'हरिश्चंद्र' म्हणतात. परवा त्यांनी स्वतःची गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक यायच्या तासभर आधी मला कोपऱ्यावरून बर्फ आणायला पाठवले. घरात सरबत कोणीच करत नव्हते.