चव आणि विवेक

ख्रिस्ती माणसाने जेवणाचा आनंद घ्यावा की नाही, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु आपल्या मंडळ्यांत त्याची दोन परस्परविरोधी उत्तरे शेजारीशेजारी नांदताना दिसतात. उपवासाच्या संदेशात जिभेच्या चोचल्यांचा निषेध होतो, आणि त्याच मंडळीच्या प्रीतिभोजनात पाहुण्याच्या पानावर आग्रह करकरून वाढले जाते. या दोहोंच्या आड एक तिसरीच गोष्ट लपून राहते, ती म्हणजे दुःख, चिंता, एकटेपणा किंवा अपमान गिळण्यासाठी खाणे. घरातील सर्व निजल्यावर फरसाणाचा डबा उघडणाऱ्याला बहुधा पोटाची भूक लागलेली नसते. त्याला काहीतरी सलत असते, आणि ते सांगायला जवळ कोणी नसते.

हा विषय केवळ मनाचा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. या आजाराला आनुवंशिकतेपासून बैठ्या कामापर्यंत अनेक कारणे असतात, आणि प्रत्येक रुग्णाच्या खाण्याकडे बोट दाखवणे अन्यायाचे होईल. तरीही पथ्य सांगितलेला माणूस ते का पाळू शकत नाही, याचे उत्तर पुष्कळदा त्याच्या मनात सापडते.

अशा वेळी आपण रुग्णाला सांगतो, ‘चवीचा मोह सोड.’ येथेच थोडे थांबून पवित्र शास्त्राची भाषा पाहावी. इब्री भाषेत चवीला ‘टाअम’ म्हणतात. मान्न्याची चव सांगताना हाच शब्द येतो (गणना ११:८). दाविदाला रक्तपातापासून आवरणाऱ्या अबीगईलच्या शहाणपणाबद्दल तो देवाचे आभार मानतो, तेथेही हाच शब्द आहे (१ शमुवेल २५:३३). भाषांतरकाराला एके ठिकाणी ‘चव’ आणि दुसरीकडे ‘विवेक’ लिहावे लागते; इब्री माणसाला मात्र दोन्हींसाठी एक शब्द पुरत होता. चव घेणे म्हणजे पारख करणे. ज्याला चव कळते, त्याला पुरे कधी म्हणावे हेही कळू लागते. आपल्याकडे ‘चवीने खाणार त्याला देव देणार’ असे म्हणतात. त्यातही खाण्याच्या परिमाणापेक्षा खाण्याच्या रीतीला मान आहे.

याच्या उलट चित्र गणनाच्या अकराव्या अध्यायात आहे. रानातील इस्राएल लोक तंबूंच्या दारांत बसून रडत आहेत. त्यांना मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवतात, आणि मिसरात हे सारे फुकट मिळत होते असे ते म्हणतात. विटा थापणाऱ्या गुलामांना फुकट ते काय मिळत असेल? उद्याच्या भीतीने भूतकाळाला गोडी आणली होती. आपला ‘नेफेश’ सुकून गेला, अशी त्यांची तक्रार आहे. नेफेश म्हणजे जीव. त्याच शब्दाचा अर्थ गळा किंवा भूक असाही होतो. रोज मान्ना मिळत होता, म्हणजे पोट रिकामे नव्हते. सुकला होता तो जीव. मग लावे पक्षी आले तेव्हा लोकांनी दिवसभर, रात्रभर आणि पुन्हा दुसरा दिवसभर ढीग रचले. त्या अध्यायात मान्न्याच्या चवीचे वर्णन आहे; लाव्यांच्या मांसाच्या चवीविषयी एक अक्षर नाही. त्या जागेला वासनेच्या कबरा असे नाव पडले.

म्हणून दुःखात खाऊच नये काय? एलीया झुडपाखाली मरण मागत निजला असताना देवदूताने त्याला बोध केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र त्याच्या उशाशी ठेवले, तेही दोनदा (१ राजे १९). खचलेल्याला ऊन अन्न देणे ही देवाचीच रीत आहे. मात्र तेथे अन्नाला एक मर्यादा होती. त्याने एलीयाला होरेबपर्यंत चालण्याचे बळ दिले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न देवाने पुढे स्वतः विचारला. भाकरीने त्या प्रश्नाची जागा घेतली नाही.

हन्नेची कथा याहून बोलकी आहे. पनिन्ना तिला हिणवत असे ते यज्ञाच्या जेवणाच्या वेळीच. एलकानाने तिला दिलेल्या वाट्याचे इब्री शब्द अवघड आहेत. पुष्कळ भाषांतरकार ‘दुप्पट वाटा’ असा अर्थ घेतात. तसे असेल, तर तो बिचारा तेच करत होता जे आपण सारे करतो: रडणाऱ्याच्या पानात आणखी वाढणे. हन्ना जेवली नाही. ती उठली आणि तिने परमेश्वरापुढे आपला नेफेश ओतला. रानातील लोकांनी सुकलेला नेफेश मांसाने भरू पाहिला. हिने भरून आलेला नेफेश रिता केला. मग ती परत गेली, जेवली आणि तिचा चेहरा बदलला (१ शमुवेल १:१८). अजून शमुवेल पोटी आला नव्हता, पनिन्नाही घरातच होती. तरी तिला अन्न गोड लागले. आधी जीव ओतणे, मग जेवणे, हा तो क्रम.

कोणी म्हणेल, हा भरल्या पोटांचा प्रश्न आहे. तसे नाही. १९७२च्या दुष्काळात ज्यांनी मिलो आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांच्या घरांत पानात काही टाकू नये हा नियम पवित्र मानला गेला, आणि तो योग्यच होता. परंतु उपासमारीची आठवण पोट भरल्यावरही हात थांबू देत नाही. अशा खाण्याला खादाडपणा म्हणणे निष्ठुरपणाचे होईल. ती भीती आहे, आणि भीतीला धीर द्यावा लागतो.

मग करावे काय? भोजनापूर्वीची प्रार्थना पुन्हा खरी करावी. त्या क्षणभरात स्वतःला विचारावे: मला भूक लागली आहे की काही सलते आहे? पोटाची भूक हळूहळू वाढते व साध्या भाकरीनेही भागते. मनाची भूक एकाएकी उसळते आणि ठरावीक पदार्थच मागते. सलत असेल तर ते आधी देवाला, शक्य तर एखाद्या माणसालाही सांगावे. मग सावकाश जेवावे, कारण पोट भरल्याची जाणीव व्हायला काही मिनिटे लागतात. पथ्याचे जेवण बेचव करू नये. ज्वारीची भाकरी, लसणीची फोडणी दिलेली मेथी, मुगाची उसळ, जवसाची चटणी, कोकमाचे सार यांत फार तेल-साखरेवाचूनही रस भरपूर आहे. थॉमस अक्वायनसने अतिभोगाप्रमाणे सुखाविषयीच्या जडपणालाही दुर्गुणांत गणले. देवाने दिलेल्या चवीला नाक मुरडणे म्हणजे पवित्रता नव्हे.

आणि ज्याला खाणे सुरू झाले की थांबवताच येत नाही, जो लपून खातो व नंतर स्वतःचा तिरस्कार करतो, त्याला केवळ प्रार्थना वाढव असे सांगू नये. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानपुस्तिकेत याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद केली. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरकडे जाणे हा विश्वासाचा अभाव नव्हे.

मंडळीचेही एक कर्तव्य उरते. करिंथ येथे प्रत्येकजण आपलेच जेवण उरकत असे, याची पौलाला खंत वाटली (१ करिंथ ११:२१). आपल्या मंडळीत रोज एकट्याने जेवणारे कोण आहेत, हे आपल्याला माहीत आहे काय? त्यांच्या पानात दुप्पट वाढण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसावे. एकमेकांचे ऐकत सावकाश घेतलेल्या त्या जेवणात जिभेला चव परत येईल, आणि तिच्यासोबत विवेकही.