कुठं दुखतं?

वर्षावासात आमच्या विहारात संध्याकाळी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचतात. वाचायला बहुधा मी बसते. दुःखाचा उल्लेख आला की मागून हमखास सुस्कारा येतो, ‘खरंय बाई, बाईचा जन्मच दुःखाचा.’ मला ते ऐकवत नाही.

जगणंच दुःख, हे म्हणणं बाबासाहेबांनाही खटकलं होतं. त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, 1957 साली निघालेल्या या ग्रंथाच्या प्रास्ताविकात त्यांनी चार आर्यसत्यांवरच शंका घेतली. जीवन, मरण, पुनर्जन्म सगळंच दुःख, तर माणसाला आशा कसली? ही शिकवण मूळची की भिक्खूंनी मागाहून घातलेली, असं त्यांनी उघड विचारलं.

त्यांची शंका मला पटते. तरी पाली शब्द मी सोडत नाही. सुत्तांमध्ये सोक, परिदेव, दुक्ख, दोमनस्स, उपायास हे शब्द ओळीनं येतात. परिदेव म्हणजे विलाप, दोमनस्स मनाची वेदना, उपायास पार खचून जाणं. या ओळीतलं दुक्ख मात्र शरीराची वेदना, अशीच त्याची व्याख्या आहे. म्हणजे पहिल्या सत्यातलं अवघं दुःख आणि अंगाचा ठणका, दोन्हींना नाव एकच. मराठीनं हा ठणका जपला. दाढ दुखते, माणूस दुखण्यानं अंथरूण धरतो. दुखणं म्हटलं की आपण कुठं, कधीपासून, कशानं, असं विचारतो. दुःख म्हटलं की गप्प बसतो.

वाचन संपल्यावर एक तरुण बाई म्हणाली, ‘नवऱ्याची दारू माझ्या कपाळीच लिहिलीय.’ शेजारची आजी म्हणाली, ‘कपाळ नको दाखवू, पोरी. कुठं दुखतं ते सांग.’ तिनं पदराखालून हात काढला. मनगट सुजून काळंनिळं झालेलं, बांगड्या उतरवलेल्या. सकाळी आजी आणि मी तिला आधी दवाखान्यात, मग पोलीस ठाण्यात घेऊन गेलो.

सगळ्या दुःखाला ठाणं नसतं. किसा गोतमीचं मेलेलं मूल परत आलं नाही. पण बुद्धानं तिलाही नशीब सांगितलं नाही; कुणीच मेलं नाही अशा घरची मोहरी मागायला घरोघर पाठवलं.

विहारात वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. दुःखाच्या पानावर त्या दिवशीचं वाचन थांबवू नका. कारण आणि मार्ग येईपर्यंत वाचा. वाचनानंतरच्या खीरदानाला उशीर झाला तरी चालेल.