आधी खोका बंद कर, मग वूफरला नावं ठेव

वूफर बदलून घ्यायला दुकानात निघाला होतास ना? बस खाली. वूफर धडधाकट आहे, मी तपासला. दोष तुझ्या खोक्यात आहे. वायरसाठी पाडलेल्या भोकात कापडाचा बोळा कोंबलास, मागच्या फळीच्या सांध्यात पोस्टकार्ड जाईल एवढी फट ठेवलीस आणि वरून काळं कार्पेट चिकटवून सगळं झाकून टाकलंस. दिसत नाही म्हणजे हवा जात नाही, असं वाटलं तुला?

वर्गात लक्ष नव्हतं, आता नीट ऐक. १९५४ साली अमेरिकेत एडगर विल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर काढला. त्यांनी कोनाचं लटकण मुद्दाम सैल ठेवलं आणि त्याला आवरायचं काम बंद खोक्यातल्या हवेवर सोपवलं. हवाच तिथली स्प्रिंग. तुझंच उदाहरण घेऊ. १२ इंची कोन साधारण ५०० चौरस सेंटिमीटरचा. तो २८ लिटरच्या खोक्यात १ सेंटिमीटर आत सरकला की अर्धा लिटर हवा दबते. वेगाने दबते तेव्हा कोनावर उलटा रेटा येतो तो बारा-तेरा किलोचा. एवढा जोर दर ठोक्याला तुझे सांधे शोधत असतो. फट मिळाली की हवा तिथून फसफसत बाहेर पडते, खालच्या सुरांना कोन मोकाट सुटतो आणि कॉइल मागच्या प्लेटवर आपटते. तू ऐकलीस ती थडथड हीच. आणि त्यावर उपाय काय केलास, तर ॲम्पचा गेन वाढवलास! अजून चार दिवस तसाच वाजवला असतास तर कॉइल जळाली असती. आंब्याच्या हंगामात उन्हातान्हात पेट्या भरून जमवलेले पैसे होते ते.

मिरकरवाड्याला जाऊन बघ, लाकडी होडीच्या फळ्यांमध्ये कापूस कसा ठासून बसवतात ते. सांधा वरून रंगवून होडी पाण्यात लोटणारा माणूस तिथे एक दिवस टिकणार नाही.

शिवाय तू रत्नागिरीत राहतोस. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एमडीएफची कापलेली कड ओल शोषते आणि फुगते. ती उघडी का ठेवलीस? त्या कडेला सीलरचे हात दे. सांध्याला साधा पांढरा फेविकॉल वापरलास, तो ओलीत दगा देतो, मरीन आण. फेविकॉल लावल्यावर फळ्या क्लॅम्पमध्ये आवळून रात्रभर ठेवायच्या असतात. नुसते स्क्रू पिळून तू एमडीएफची कड फोडलीस. ती चीर लाकडाचा भुसा आणि फेविकॉल मळून भर, मग आतल्या प्रत्येक कोपऱ्यात सिलिकॉनची सलग रेघ ओढ आणि बोटाने दाबून बसव.

सिलिकॉन कुठलं, तेही विचारायची तसदी घेतली नाहीस. व्हिनेगरसारखा वास येणारं आणलंस. त्यातून निघणारं आम्ल तांब्याला खातं. न्यूट्रल क्युअरवालं आणायचं आणि खोका उघडा ठेवून वाळवायचं, कारण ते हवेतल्या दमटपणावरच घट्ट होतं. किमान एक पूर्ण दिवस. तू त्याच संध्याकाळी वूफर बसवून मोकळा झालास!

टर्मिनलच्या वाटीखाली आणि वूफरच्या कडेखाली फोमची पट्टी हवी, स्क्रूही समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचे. मग कोन सगळीकडून सारखा, हलक्या हाताने दाबून धरायचा. हाताला लागणारा विरोध हळूहळू ओसरला तर समज, हवा निसटते आहे. कुठून, ते शोधायला ३० हर्ट्झचा सूर बारीक आवाजात लाव आणि पेटलेली अगरबत्ती सांध्यासांध्यावरून फिरव. धूर जिथे थरथरतो तिथे फट आहे. ज्वाळा मात्र कार्पेटजवळ नेऊ नकोस.

तुझं मोजमाप चोख आहे. फळ्या काटकोनात कापल्यास, ते मी पाहिलं. म्हणूनच एवढं बोलतोय. कुवारबावच्या माणसाच्या गाडीचं काम घेतलंयस म्हणे. हा खोका माझ्यासमोर पास झाल्याशिवाय त्याच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही.

वूफर उतरव, कार्पेट सोलून काढ आणि मागच्या फळीपासून सुरुवात कर. तोवर ॲम्प माझ्या कपाटात राहील.