वाळूखालची अमानत

सातवीच्या वर्गात आम्ही राजस्थानच्या नकाशावर बाडमेर दाखवीत होतो. तेथे २००४ साली वाळवंटाखाली ‘मंगला’ हे मोठे तेलक्षेत्र सापडले आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये तेल निघू लागले, असे सांगताच एका मुलाने विचारले, “सर, ते तेल कोणाचं?” “सरकारचं,” असे आम्ही सांगून टाकले. घरी येताना मात्र ते उत्तर आम्हालाच पटेना.

कायद्याने पाहता तेल काढण्याचा परवाना सरकार देते, कंपनी ते काढते आणि राज्याला रॉयल्टी मिळते. शेतकऱ्याला जमिनीचा मोबदला मिळतो, तेलाचा नाही. हा झाला व्यवहार. पण ते तेल निर्माण कोणी केले? कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथील भूकवच ताणले जाऊन खचले. त्या खोलगट भागात सरोवरे साचली. त्यांतले शेवाळ मरून गाळाखाली दबले आणि पृथ्वीच्या उष्णतेने त्याचे तेल झाले. त्याच खोऱ्यात पुढे दलदलीतल्या वनस्पतींचा लिग्नाइट कोळसा झाला. यात शेतकऱ्याने, कंपनीने वा सरकारने थेंबाचीही भर घातलेली नाही.

जे आपण कमावले नाही, पण आपल्या हाती आले, त्याला आमच्या बोलीत अमानत म्हणतात. अमानतीचा हिशेब द्यावा लागतो.

मग ते जमिनीतच राहू द्यावे काय? असे म्हणणे आम्हाला शोभणार नाही. आम्ही रोज स्कूटरवरून शाळेत जातो. परंतु मेणासारखे गोठणारे हे तेल तापत्या नळातून थेट गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेण्याची हिकमत माणसाला साधली. जमिनीतले खारे पाणी उपसून, तापवून, त्याच्या रेट्याने तेल वर आणण्याचीही साधली. त्याच जिल्ह्यातली माणसे पावसाचे थोडेसे पाणी टाक्यात जपत आली आहेत. मग त्यांच्या गोड्या पाण्यासाठीही तेवढीच हिकमत आणि तेवढाच पैसा लावायला नको काय?

आणि ज्यांचा जन्मही झालेला नाही, त्यांचा वाटा? नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी पुढच्या पिढ्यांसाठी राखण्याची सोय केली. मंगलाचे उत्पादन तर आता उतरणीला लागले आहे.

त्या मुलाला उद्या आम्ही सांगणार आहोत: बेटा, काल आमचे उत्तर चुकले. ते तेल आपल्याजवळ ठेवलेले आहे. ते तुझ्या नातवंडांचेही आहे.